मुठेलाचा गोळा आणि सासूबाईंची टाच

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगासाठी तेलाची बाटली उघडावी आणि आतले खोबरेल थिजलेले निघावे, हा अनुभव पुण्याकडच्या कुठल्या घराला नाही? मग ती बाटली बंबाजवळ ठेवायची आणि तेल पातळ होईपर्यंत पाटावर कुडकुडत बसायचे! खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गेले की गोठते. पण हे शास्त्र तेव्हा कोणाला ठाऊक होते? आम्ही आपले थंडी पडल्याची ती खूण समजत असू.

आज मी ज्याची गोष्ट सांगणार आहे, ते तेल मात्र पुण्याच्या थंडीतच काय, मुंबईच्या भर वैशाखातही गोठलेलेच असते. त्याला बाटली लागत नाही. ते डब्यात ठेवतात आणि हवे तेव्हा नखाने खरवडून घेतात. कोकणातल्या वाचकांनी एव्हाना ओळखले असेलच. त्याचे नाव मुठेल. गोव्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात आणि हल्ली शहरातल्या दुकानांतून ते ‘कोकम बटर’ असे भारदस्त नाव घेऊन, नाजूक डबीत बसून मिळते.

या मुठेलाने माझ्या संसारात एकदा मोठे संकट आणले आणि त्याच संकटातून एक मोठा धोकाही टळला. दोन्हींची हकीगत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साबण नव्हे, बाई!

माझे माहेर पुण्याचे. ओठ फुटले की लोणी आणि टाचा उलल्या की राळेचे मलम, एवढेच आमचे घरगुती वैद्यक. १९७४ साली लग्न होऊन मी दादरला आले. सासर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. दोन खोल्यांच्या त्या घरात फडताळावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. नव्या सुनेने घरातली एकेक वस्तू ओळखून घ्यावी, तशी मी तो डबा उघडून पाहिला. आत कोंबडीच्या अंड्याएवढे, करड्या-पांढऱ्या रंगाचे पाच-सहा गोळे! वरून बोटांचे ठसे उमटलेले. मी मनाशी म्हटले, हा गावाकडचा साबण असणार.

दुसऱ्या दिवशी मामंजींच्या सदऱ्याची कॉलर मी त्या साबणाने मनापासून घासली. फेस काही येईना. मी आणखी जोर केला. सदऱ्याची जी दशा झाली ती सांगायला नको! सासूबाई मोरीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले, आता बोलणी बसणार. पण त्या पदराने तोंड झाकून हसत होत्या.

“अगो, जन्मभर घासलेस तरी त्याला फेस यायचा नाही हो! तो साबण नव्हे. मुठेल आहे ते, मुठेल. दे इकडे.”

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी मला समोर बसवले. आधी वज्रीने माझ्या टाचा घासल्या, मग कोमट पाण्याने धुऊन कोरड्या केल्या आणि मुठेल चोळून वर जुन्या धोतराची पट्टी बांधली. नव्या सुनेचे पाय सासूने हाती घ्यायचे म्हणजे काय! मी संकोचाने अर्धी झाले. त्या म्हणाल्या, “पाय काय सासूचे आणि सुनेचे वेगळे असतात? दिवसभर त्याच ओल्या फरशीवर आपण दोघी उभ्या असतो.” आठ दिवसांत माझ्या भेगा मिटल्या. राळेच्या मलमाला तीन आठवडे लागत असत.

पावसातला उद्योग

पुढे एकदा मे महिन्यात आणि एकदा ऐन पावसात वेंगुर्ल्याला राहण्याचा योग आला, तेव्हा हे गोळे होतात कसे ते मी डोळ्यांनी पाहिले. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकतात. लालजांभळी फळे फोडून साली वेगळ्या काढतात. त्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवल्या की त्यांची आमसुले होतात. रसात मीठ घातले की आगळ होते, त्याची सोलकढी. आपल्याकडे रातांब्याची ओळख एवढीच. पण फळातल्या बिया कोकणी बाई टाकून देत नाही. त्या धुऊन कडकडीत वाळवायच्या आणि पोत्यात भरून ठेवायच्या.

मग पाऊस सुरू होतो. बाहेर पाऊल टाकता येत नाही, त्या दिवसांत या बिया बाहेर निघतात. वरचे टरफल कुटून काढायचे, आतला गर बारीक वाटायचा आणि मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घालून चुलीवर तासन् तास उकळायचा. तेल हळूहळू सुटून वर तरंगते. रात्रभर तसेच ठेवले की सकाळी पाण्यावर जाड साय धरावी तसा थर धरतो. तो काढून पुन्हा कढवायचा, पाणी उडवायचे, गाळायचे आणि कोमट असतानाच मुठीत दाबून गोळे वळायचे. मुठीत वळतात म्हणून मुठेल, असे सासूबाई सांगत. माझ्या डब्यातल्या गोळ्यांवर बोटांचे ठसे होते ते त्यांच्या थोरल्या जावेचे, हे मला तेव्हा कळले.

सुक्या बियांच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तेल असते. घरगुती रीतीने तेवढे सगळे हाती लागत नाही. पोतेभर बियांतून निघणारे ते चार-सहा शेर मुठेल मग वर्षभर पुरवायचे. त्यातले थोडे मुंबईच्या नातेवाइकांसाठी बाजूला निघायचे आणि एस.टी.ने कोणाच्या तरी हातून यायचे.

आणि हे काही केवळ आजीबाईच्या बटव्यातले औषध नव्हते बरे का! १८६८ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानसाठी जो अधिकृत औषधिकोश काढला, त्यात कोकमाच्या तेलाला जागा मिळाली होती. पुढे १८७४ साली लंडनला फ्लुकिगर आणि हॅनबरी या दोघा पंडितांनी वनस्पतिज औषधांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही त्यावर स्वतंत्र टिपण आहे. हल्ली तर त्याची स्वारी चॉकलेटपर्यंत गेली आहे. युरोपातल्या २००० सालच्या नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याच्या जोडीला ज्या सहा वनस्पतींची तेले थोड्या प्रमाणात घालता येतात, त्यांत आपले कोकम आहे. आमच्या फडताळावरच्या पत्र्याच्या डब्याला हे कळले असते तर त्याने मान ताठ केली असती!

टाच फुटते का?

आता थोडे शास्त्र. आपल्या अंगाच्या कातडीत बारीक तैलग्रंथी असतात आणि त्या कातडी मऊ ठेवतात. पण तळहात आणि तळपाय यांना या ग्रंथी मुळीच नसतात. त्यातून टाचेची कातडी सर्वांत जाड आणि साऱ्या देहाचा भार तिच्यावर. हवा कोरडी झाली, अनवाणी चालणे आणि साबणसोड्याच्या पाण्यात उभे राहणे सुरू राहिले, की त्या जाड कातडीतला ओलावा उडतो, ती ताठ होते आणि भार पडताच उलते.

मुठेल येथे काय करते? ते कातडीत नवे पाणी घालत नाही. असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून ते लावायचे ते पाय धुऊन टिपल्यावर, कातडी किंचित ओलसर असतानाच. दुसरे असे, की यात निम्म्याहून अधिक भाग स्टिअरिक आम्लाचा असतो, त्यामुळे ते चाळीस अंशांच्या आसपास वितळते. आपल्या कातडीची उष्णता त्याहून कमी. खोबरेल लावले की ओघळून चादरीला लागते; मुठेल भेगेत बसते ते बसते. सारा गुण आहे तो या बसण्यात.

पण चाळीस अंश हा आकडा नीट लक्षात ठेवा. आमच्यावरचे संकट आले ते त्याच वाटेने.

घट्ट गोळा चोळून पातळ करायला वेळ लागतो. म्हणून पुष्कळ घरांत एक सोपी युक्ती करतात: लोखंडी पळीत मुठेलाचा तुकडा टाकायचा, पळी निखाऱ्यावर किंवा गॅसवर धरायची आणि वितळलेले तेल थेंब थेंब भेगेत सोडायचे. चुरचुरते, पण बरे वाटते. आमच्या घरीही तसेच चाले.

न बसलेला चटका

१९८८ सालचा डिसेंबर. सासूबाई तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. दोन वर्षांपासून त्यांच्या टाचा बाराही महिने फुटत असत. मे महिन्यातल्या घामाच्या दिवसांतही त्यांचे पाय कोरडे ठणठणीत असायचे. आम्ही म्हणायचो, वय झाले. त्या अलीकडे वाळल्याही होत्या. आम्ही म्हणायचो, उपास फार करतात. रात्री दोन-तीनदा उठून तांब्याभर पाणी पीत. आम्ही म्हणायचो, झोप नाही. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एकेक कारण तयार होते!

त्या दिवशी मला घाई होती. मुलाची परीक्षा, स्वयंपाक व्हायचा होता, पळी गॅसवर. मुठेल चटकन वितळले आणि तेवढ्यात दारावर कोणी आले म्हणून पळी ज्योतीवर थोडी अधिकच राहिली. परत येऊन मी खाली बसले, त्यांची टाच मांडीवर घेतली आणि तेल भेगेत सोडले. एक थेंब माझ्या बोटावर उडाला. मी “आई गं!” म्हणून हात झटकला.

सासूबाई शांत होत्या. पेपर वाचत होत्या.

“आई, पोळले नाही ना?”

“नाही गो. चांगले वाटते. सोड आणखी.”

आणि मी आणखी सोडले.

आजही ते वाक्य आठवले की माझा जीव कासावीस होतो. माझ्या बोटावर फोड आला होता; त्यांच्या पायाने हूं की चूं केले नव्हते. तेव्हाच मला कळायला हवे होते. पण मला वाटले, टाचेची कातडी जाड, तिला कसला चटका!

दुसऱ्या दिवशी सकाळी बिछान्यावर पिवळट डाग दिसला. टाचेवर रुपयाएवढा फोड येऊन फुटलेला. त्यांना पत्ता नव्हता. ‘भेगा आहेत त्या, मिटतील’ असे म्हणत त्यांनी पुन्हा मुठेलच लावले आणि मीही लावू दिले. कारण त्या डब्यावर माझा इतका विश्वास होता, की मुठेलाने बिघडेल असे मनातसुद्धा आले नाही. पाचव्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला आणि त्यांना ताप भरला.

मोठ्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर तीनशेच्या वर! घरात कोणाला मधुमेह आहे याची आम्हांला गंधवार्ता नव्हती. डॉक्टरांनी सासूबाईंना डोळे मिटायला सांगितले, कापसाचा बोळा पायाच्या अंगठ्याला लावला आणि विचारले, “आजी, काय वाटते?”

“लावा ना, मग सांगते,” सासूबाई म्हणाल्या.

बोळा लावून झाला होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी भिंतीकडे तोंड फिरवले.

ती रात्र मी रुग्णालयाच्या बाकावर काढली. पाय काढावा लागेल की काय, एवढा एकच विचार. ज्या बाईने नव्या सुनेचे पाय हाती घेतले, तिचा पाय त्याच सुनेच्या हातून जायचा होता काय? सकाळी डॉक्टर आले तेव्हा मी सगळे सांगून टाकले: पळी, गॅस, माझ्या बोटाचा फोड. त्यांनी ऐकून घेतले. रागावले नाहीत.

ते म्हणाले, “बाई, तेलाचा दोष नाही आणि तुमच्या मायेचाही नाही. दोष आहे तो न विचारण्याचा. मधुमेहात पायांच्या शिरांची जाणीव जाते. त्या शिरांबरोबर पायाचा घामही आटतो, म्हणून कातडी कोरडी पडते आणि फुटते. यांच्या टाचा मे महिन्यात फुटत होत्या, तेव्हाच पाय तुम्हांला काहीतरी सांगत होता. तुम्ही दोन वर्षे त्याचे तोंड तेलाने बंद केलेत.”

हे शेवटचे वाक्य मी कधी विसरले नाही.

पाय वाचला. जखम भरायला अडीच महिने लागले. रोज पट्टी, इन्शुलिनची सुई, पथ्य. पहिले पंधरा दिवस सासूबाई माझ्याशी नेहमीसारखे बोलत आणि मला तेच सोसवत नसे. शेवटी एका दुपारी पट्टी बदलताना मी रडू लागले. त्यांनी माझ्या बोटावरचा डाग पाहिला. तो अजून गेला नव्हता. त्यावर स्वतःचा अंगठा फिरवीत म्हणाल्या, “माझ्या वाटचा चटका तुला बसला हो. म्हणून तर कळले सगळे.”

डबा फडताळावरच राहिला

रुग्णालयातून घरी आल्यावर मी पहिले काम काय केले असेल, तर तो पत्र्याचा डबा उचलून कचऱ्यात टाकायला निघाले. सासूबाईंनी अडवले. “पळी टाक,” त्या म्हणाल्या, “मुठेल कशाला टाकतेस?”

डॉक्टरांनीही तेच सांगितले. मधुमेही माणसाने पायांची कातडी मऊ राखलीच पाहिजे. फक्त रीत बदलायला हवी. ती बदललेली रीत आमच्या घरात आजवर चालू आहे. आपल्याही उपयोगी पडेल म्हणून देते.

मुठेल कधीही पळीत तापवून कातडीवर सोडू नये. सुरीने पातळ पापुद्रा काढावा, तळहातांत चोळून मऊ करावा आणि मग लावावा. रोज एवढा वेळ नसेल तर एक भाग मुठेल आणि दोन भाग खोबरेल वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवावी, वितळले की ढवळून पूर्ण थंड होऊ द्यावे. मऊ मलम होते. डबीत भरून ठेवले की घरातल्या सगळ्यांना पुरते.

पाय कोमट पाण्याने धुवावेत. ज्याच्या पायांची जाणीव कमी असेल त्याने पाणी स्वतःच्या पायाने अजमावू नये, घरातल्या दुसऱ्याने कोपराने पाहावे. बोटांच्या बेचक्यांत तेल लावू नये. तेथे ओल साचून चिखल्या होतात. लावल्यावर मोजे घालावेत. तेलकट पायांनी फरशीवर चालणे म्हणजे दुसऱ्या संकटाला आमंत्रण, विशेषतः वडीलधाऱ्यांना.

फुटलेले ओठ, कोपरांची खरखर, थंडीतले मुलांचे उललेले गाल यांना मुठेल उत्तम. पहिल्यांदाच लावत असाल तर आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस पाहावे. खवट वास येणारा जुना गोळा वापरू नये. पण नायटा, गजकर्ण, वाहणारा इसब, भाजलेली कातडी, उघडी जखम यांवर त्याचा उपयोग नाही. तेथे तेल लावणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे. तळहात-तळपाय वर्षभर फुटत असतील, भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, आणि सर्वांत महत्त्वाचे, भेग खोल असून दुखत नसेल, तर डबा बंद करावा आणि डॉक्टरांकडे जावे. पन्नाशी उलटलेल्या माणसाने तर एकदा रक्तातली साखर पाहून घ्यावीच. हल्ली नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला ठिकठिकाणी टेकवून जाणीव तपासतात. दोन मिनिटांचे काम असते.

वेदनेला आपण वैरी समजतो. पण टाच दुखली म्हणून आपण वाकून पाहतो. न दुखणाऱ्या टाचेकडे कोण पाहणार? त्यासाठी दुसऱ्याचे डोळे लागतात.

सासूबाई त्यानंतर तेरा वर्षे जगल्या. रोज रात्री मी त्यांचे दोन्ही तळवे दिव्याखाली धरून पाहत असे, मग मुठेल लावीत असे. त्या गमतीने म्हणत, “बघ हो नीट, माझ्या पायांचे डोळे तू!” २००१ साली त्या गेल्या तेव्हा दोन्ही पाय धड होते. मऊही होते.

आता माझ्या टाचा थंडीत फुटू लागल्या आहेत. माझी साखर मी दर सहा महिन्यांनी पाहते. अजून तरी ठीक आहे. गेल्या दिवाळीत सूनबाईने सुंदर डबीतले ‘कोकम बटर’ आणले, बरोबर छोटा लाकडी चमचाही होता. अभ्यंगस्नान झाल्यावर ती म्हणाली, “आई, पाय इकडे करा.” मी संकोचले. मग मला ती दादरची रात्र आठवली आणि मी मुकाट्याने पाय पुढे केला.

तिने मलम दोन्ही तळहातांत घोळले, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिले आणि मग माझी टाच दिव्याकडे वळवली. मी तिला तसे करायला कधी सांगितले नव्हते. एवढी वर्षे घरात पाहून पाहून ती शिकली असावी.